आधी पाचवी लेव्हल, मग गुरूचे स्पेलबुक

प्रश्न : आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर पंधरवड्याला रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे रंगवत फाशांनी खेळायचा खेळ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकातले वापरतो. माझा ढाल-तलवार वापरणारा मानवी फायटर (योद्धा) चौथ्या लेव्हलला असून त्याने चॅम्पियन ही शाखा घेतलेली आहे. गेल्या सत्रात त्याच्या मृत गुरूचे स्पेलबुक (मंत्रांचे पुस्तक) हाती आले आणि तेव्हापासून त्याने जादू शिकावी, असे मला मनापासून वाटते आहे. पुढची लेव्हल विझर्डची (जादूगाराची) घेण्याचा माझा विचार आहे. पण आमचा डंजन मास्टर (खेळ चालवणारा मित्र) म्हणतो की मल्टिक्लास (एकाहून अधिक पेशांची) पात्रे खेळाचा तोल बिघडवतात, आणि गटात विझर्ड खेळणारा मित्र विचारतो की मग माझे काम काय उरले? इंटरनेटवर पाहावे, तर प्रत्येक जण वेगळेच मिश्रण सुचवतो. माझ्या फायटरची स्ट्रेंग्थ (शक्ती) १८, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १५, डेक्स्टेरिटी (चपळाई) १४ आणि इंटेलिजन्स (बुद्धी) १३ आहे. मोहीम दहाव्या लेव्हलला संपेल, असे डंजन मास्टरने सांगून ठेवले आहे. मी काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या फायटरने जादू जरूर शिकावी, मात्र पुढच्याच लेव्हलला नव्हे. पाचवी लेव्हल फायटरचीच घ्या, सहावी आणि सातवी विझर्डची घ्या आणि आठव्या लेव्हलला पुन्हा फायटरकडे वळा. हा क्रम मी का सुचवतो, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मोहिमेत पुढे काही वेगळे घडले आणि हा क्रम बदलावा लागला, तर तो कशाच्या आधारे बदलायचा हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

तुमच्या पत्रातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य स्पेलबुकाविषयीचे नसून, मोहीम दहाव्या लेव्हलला संपणार, हे आहे. दोन क्लास (पात्राचे पेशे) एकत्र करण्याची किंमत सोन्याच्या नाण्यांत किंवा हिट पॉइंटांत (पात्र किती मार सोसू शकते त्या आकड्यात) फारशी मोजावी लागत नाही. ती प्रामुख्याने वेळात मोजावी लागते. एका क्लासची लेव्हल घेतली की दुसऱ्या क्लासमधली पुढची गोष्ट एका लेव्हलने लांबते, आणि पंधरवड्यातून एकदा भरणाऱ्या गटात एक लेव्हल म्हणजे कित्येक रविवार असतात. इंटरनेटवर सुचवली जाणारी मिश्रणे बहुतेक वेळा विसाव्या लेव्हलचे पूर्ण झालेले पात्र डोळ्यांसमोर ठेवून रचलेली असतात. ते पात्र तिथवर पोहोचेपर्यंतच्या सत्रांत किती अपुरे वाटेल, याचा हिशेब त्यांत नसतो. तुम्हाला मात्र नेमक्या त्याच सत्रांत खेळायचे आहे.

या नियमात काय कशावर वाढते, हे आधी स्पष्ट करून घेऊ. प्रोफिशिअन्सी बोनस (सराईतपणासाठी फाशात मिळवायचा आकडा) पात्राच्या एकूण लेव्हलवर ठरतो, म्हणजे पाचव्या एकूण लेव्हलला तो तीन आणि नवव्या लेव्हलला चार होतो, मग तुम्ही ती लेव्हल कोणत्याही क्लासमध्ये घेतलेली असो. कॅन्ट्रिपचा (कितीही वेळा म्हणता येणाऱ्या साध्या मंत्राचा) जोरही एकूण लेव्हलप्रमाणेच वाढतो. याउलट एक्स्ट्रा अटॅक (एका कृतीत जादा वार), अ‍ॅबिलिटी स्कोअर (स्ट्रेंग्थसारख्या गुणाचा आकडा) वाढवण्याची किंवा त्याऐवजी फीट (खास कौशल्य) घेण्याची संधी आणि नव्या पातळीचे मंत्र हे सगळे त्या त्या क्लासच्या लेव्हलवर अवलंबून असते. फायटरला अशी वाढ चौथ्या, सहाव्या आणि आठव्या लेव्हलला मिळते, पण ती फायटरची चौथी, सहावी आणि आठवी लेव्हल असावी लागते. मल्टिक्लासच्या जवळपास प्रत्येक पश्चात्तापाचे मूळ हा भेद नीट न पाहण्यात असते.

आता पाचवी लेव्हल. या लेव्हलला फायटरला एका कृतीत दोन वार करता येऊ लागतात. स्ट्रेंग्थ १८ असताना लाँगस्वर्डच्या एका वाराचे सरासरी नुकसान साडेआठ होते. दोन्ही वार लागले तर ते सतरा होते, म्हणजे तुमची मुख्य ताकद एका रात्रीत दुप्पट होते. त्याच सुमारास तुमच्या विझर्ड मित्राला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतील आणि फायरबॉल त्याने घेतला, तर वीस फूट त्रिज्येत उभ्या असलेल्या प्रत्येक शत्रूवर आठ फाशांचे, सरासरी अठ्ठावीस, नुकसान तो टाकू शकेल. पाचवी लेव्हल ही सगळ्यांचीच झेप असते आणि डंजन मास्टर पुढच्या लढाया ती झेप गृहीत धरूनच आखतो. तुम्ही तेव्हा विझर्डची पहिली लेव्हल घेतली, तर सगळे साथीदार पुढे गेलेले असतील आणि तुमच्या हाती एक वार आणि पहिल्या पातळीचे दोन स्पेल स्लॉट (मंत्र म्हणताना खर्च होणाऱ्या संधी) एवढेच असेल. म्हणून माझे मत असे आहे की फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर किंवा मंक यांपैकी कोणीही पाचव्या लेव्हलपूर्वी दुसऱ्या क्लासकडे वळायचे असेल, तर त्यासाठी फार मोठे कारण हवे. दोन अशा क्लासांचे एक्स्ट्रा अटॅक एकत्र केले तरी वार तीन होत नाहीत, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

पाचव्या लेव्हलनंतर तुमच्या मोहिमेचा हिशेब बराच अनुकूल आहे. शेवटी फायटर आठ आणि विझर्ड दोन अशी विभागणी झाली, तर फायटरच्या तिन्ही वाढी तुमच्या पदरात पडतात. गमावता ते एवढेच : फायटरच्या नवव्या लेव्हलला मिळणारे इंडॉमिटेबल, म्हणजे हुकलेला सेव्हिंग थ्रो (धोका टाळण्यासाठी टाकायचा फासा) पुन्हा टाकण्याची संधी, चॅम्पियनला दहाव्या लेव्हलला मिळणारी दुसरी फायटिंग स्टाइल, आणि सरासरी धरल्यास चार हिट पॉइंट. अकराव्या लेव्हलचा तिसरा वार हे फायटर शेवटपर्यंत फायटरच राहण्याचे सर्वांत मोठे कारण असते, पण तुमची मोहीम तिथवर जाणारच नाही. जी गोष्ट तुम्हाला कधीच मिळणार नव्हती तिच्यासाठी जादू नाकारण्यात अर्थ नाही. हीच मोहीम चौदाव्या लेव्हलपर्यंत चालणार असती, तर मी तुम्हाला आणखी दोनदा विचार करायला सांगितले असते.

इंटेलिजन्स १३ असल्यामुळे नियमाची अट तुम्ही जेमतेम पूर्ण करता : विझर्डसाठी इंटेलिजन्स किमान १३ आणि सध्याच्या फायटर क्लाससाठी स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी किमान १३ लागते. पण दार उघडणे आणि घरात वावरता येणे यांत फरक आहे. सहाव्या लेव्हलला तुमचा तलवारीचा वार फाशात सात मिळवून होईल, तर मंत्राचा हल्ला केवळ चार मिळवून. म्हणजे तोच शत्रू मंत्राने गाठण्याची शक्यता पंधरा टक्क्यांनी कमी. शत्रूला सेव्हिंग थ्रो करायला लावणारा मंत्र टाकलात, तर त्याला फक्त बारा गाठायचे असतील. म्हणून शत्रूवर नेम धरणारे किंवा त्याच्या मनावर ताबा मिळवणारे मंत्र तुम्ही घेऊच नयेत. तुमच्या बुद्धीच्या आकड्याची ज्यांना गरज नाही असे मंत्र घ्या, आणि असे मंत्र विझर्डच्या यादीत पुष्कळ आहेत.

विझर्डच्या पहिल्या लेव्हलला स्पेलबुकात सहा मंत्र असतात. त्यांतले केवळ दोन तुम्हाला एका वेळी तयार ठेवता येतील, कारण तयार मंत्रांची संख्या विझर्डची लेव्हल अधिक इंटेलिजन्सचा बोनस एवढी असते. परंतु रिच्युअल (विधी) प्रकारचे मंत्र विझर्ड तयार न करता थेट पुस्तकातून, दहा मिनिटे अधिक घेऊन आणि स्लॉट न खर्चता म्हणू शकतो. तेव्हा सहांपैकी चार जागा फाइंड फॅमिलिअर, डिटेक्ट मॅजिक, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस आणि अलार्म यांना द्याव्यात आणि उरलेल्या दोन मॅजिक मिसाइल आणि शील्ड यांना. मॅजिक मिसाइल चुकत नाही, त्यामुळे इंटेलिजन्स कमी असल्याचा त्याला फटका नाही. जादुई प्राणी-सोबती बोलावणारा फाइंड फॅमिलिअर तर चॅम्पियनसाठी विशेष मोलाचा आहे. हा सोबती स्वतः हल्ला करू शकत नाही, पण तो मदतीची कृती करून तुमच्या पहिल्या वाराला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत) मिळवून देऊ शकतो. आणि चॅम्पियनला एकोणीस किंवा वीस पडल्यावर क्रिटिकल (फासे दुप्पट करून जास्त नुकसान करणारा वार) मिळत असल्यामुळे त्या वारात क्रिटिकलची शक्यता दहा टक्क्यांवरून एकोणीस टक्क्यांवर जाते. दोन क्लास एकमेकांत खऱ्या अर्थाने मिसळले, असे मी अशा ठिकाणी म्हणेन, कारण इथे एका क्लासची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीचे मोल वाढवते.

फायटरपासून सुरुवात केल्याचे दोन फायदे तुमच्याकडे आधीच आहेत. जड चिलखत वापरण्याचे शिक्षण पहिल्या लेव्हलच्या फायटरला मिळते; विझर्डपासून सुरू करून नंतर फायटर झालेल्याला ते मिळत नाही. ज्या चिलखताचे शिक्षण आहे ते घालून मंत्र म्हणता येतात, त्यामुळे तुमचे चिलखत उतरवावे लागणार नाही. शिवाय कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हिंग थ्रोमधली प्रोफिशिअन्सीही फायटरची आहे, आणि मार लागल्यावर मंत्रावरची एकाग्रता टिकते की नाही, ते याच थ्रोवर ठरते.

अडचण आहे ती हातांची. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, आणि शील्ड किंवा मॅजिक मिसाइलसारख्या मंत्राला हातवाऱ्यांसाठी एक हात मोकळा लागतो. मॅजिक मिसाइल तुम्ही स्वतःच्या पाळीत टाकता, त्यामुळे तलवार म्यान करून तो म्हणता येतो. शील्ड मात्र शत्रूच्या वाराला उत्तर म्हणून क्षणात म्हणायचा असतो आणि तेव्हा म्यान करायला अवकाश नसतो. बरेच गट हा नियम काटेकोर पाळत नाहीत. तुमचा डंजन मास्टर पाळतो का, हे आधीच विचारून घ्या. पाळत असेल, तर उपाय वॉर कास्टर या फीटमध्ये आहे, जी दोन्ही हात गुंतलेले असतानाही हातवारे करू देते आणि एकाग्रतेच्या थ्रोला अ‍ॅडव्हान्टेजही देते. पण ही फीट घ्यायला पात्राला किमान एक मंत्र म्हणता आला पाहिजे, ही तिची अट आहे. माझ्या क्रमामागचे दुसरे कारण हेच आहे : फायटरची सहावी लेव्हल विझर्डच्या दोन लेव्हलनंतर, म्हणजे एकूण आठव्या लेव्हलला आली, की तिच्या वाढीत तुम्ही वॉर कास्टर घेऊ शकता. त्यानंतर चेन मेल आणि ढाल यांच्यामुळे १८ असलेला आर्मर क्लास (वार लागण्यासाठी शत्रूने गाठायचा आकडा) शील्डच्या एका उच्चारासरशी, पुढच्या पाळीपर्यंत, २३ होईल. तोवर शील्ड पुस्तकात असू द्या, पण तयार ठेवण्याच्या जागा दुसऱ्या मंत्रांना द्या. तुम्हाला ढालीचा फार आग्रह नसेल, तर दोन हातांची तलवार हाही एक मार्ग आहे, कारण तिला दोन हात फक्त वार करताना लागतात. त्यात आर्मर क्लास दोनने घटतो, एवढेच.

विझर्डची दुसरी लेव्हल केवळ एका जादा स्लॉटसाठी घेऊ नका. ती शाखेसाठी घ्या. तुमच्या आकड्यांना डिव्हिनेशन (भविष्यकथन) शाखा सर्वाधिक शोभेल. तिच्यातल्या पोर्टेंटमुळे रोज दीर्घ विश्रांतीनंतर वीस बाजूंचे दोन फासे आधीच टाकून ठेवायचे आणि दिवसभरात स्वतःच्या, मित्राच्या किंवा शत्रूच्या होऊ घातलेल्या फाशाच्या जागी ते वापरायचे. त्याला इंटेलिजन्स अजिबात लागत नाही, आणि टाकून ठेवलेला तीन शत्रूच्या गळ्यात कधी मारायचा याची चर्चा सगळ्या टेबलावर रंगते. शेवटची, म्हणजे दहावी लेव्हल कोणती घ्यावी, याचा निर्णय मात्र राखून ठेवा. फायटरची आठवी घेतलीत, तर आणखी एक वाढ मिळेल. विझर्डची तिसरी घेतलीत, तर दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट आणि मिस्टी स्टेप (क्षणात जवळच्या दुसऱ्या जागी पोहोचवणारा मंत्र) मिळेल, ज्याला केवळ शब्द लागतात आणि हात गुंतले असले तरी चालतात. मोहीम तिथेच संपणार असेल, तर अखेरच्या लढाईसाठी मी मिस्टी स्टेपकडे झुकेन.

आता एक वेगळी शक्यता, जी मी तुमच्यासमोर ठेवलीच पाहिजे. गुरूचे पुस्तक उघडून जुन्या विधी पुन्हा जिवंत करणे एवढेच तुम्हाला हवे असेल आणि लढाईतली जादू दुय्यम असेल, तर दुसरा क्लास घेण्याची गरजच नाही. रिच्युअल कास्टर ही फीट इंटेलिजन्स किंवा विस्डम १३ असलेल्या कोणालाही घेता येते. तिच्यात विधींचे पुस्तक मिळते आणि पुढे सापडतील त्या विधी त्यात उतरवता येतात. ती तुम्हाला सलग फायटर राहून सहाव्या लेव्हललाच मिळेल आणि काहीही लांबणार नाही. याशिवाय चॅम्पियनऐवजी एल्ड्रिच नाइट ही मंत्र जाणणारी फायटरची शाखा घेण्याचा मार्ग आहे. डंजन मास्टरच्या संमतीने शाखा बदलण्याची मुभा २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात दिलेली आहे. पण एल्ड्रिच नाइट मंत्र मनात शिकतो, पुस्तकातून नव्हे, आणि तुमच्या कथेचा गाभाच पुस्तक आहे. त्यामुळे तो पर्याय आकड्यांना सोयीचा असला, तरी तुमच्या पात्राला तो परका वाटेल, असे मला वाटते. मी तुमच्या जागी असतो, तर विझर्डच निवडला असता.

तुमच्या डंजन मास्टरच्या आक्षेपाला मी उडवून लावणार नाही. २०१४ च्या पुस्तकात मल्टिक्लासिंग हा ऐच्छिक नियम आहे, म्हणजे त्याची परवानगी हा त्याचा हक्क आहे. त्याची भीती निराधारही नाही. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (लागलेल्या वाराला जादा नुकसान जोडणारी क्षमता) कोणत्याही क्लासचे स्पेल स्लॉट वापरतो आणि वॉरलॉकचे स्लॉट छोट्या विश्रांतीनंतरच परत येतात. हे दोन्ही क्लास करिस्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर) चालतात. त्यात २०१७ च्या पुस्तकातला हेक्सब्लेड वॉरलॉक पहिल्याच लेव्हलला शस्त्राचा वारही करिस्मावर करू देतो. अशा मिश्रणात फारसे काही लांबत नाही, बरेच वाढते, आणि असे पात्र टेबलावर इतरांना झाकोळू शकते. स्ट्रेंग्थ आणि इंटेलिजन्स अशा दोन दिशांना ओढले गेलेले तुमचे मिश्रण त्या जातीचे नाही. उलट ते जपून बांधले नाही, तर कमजोर पडण्याचीच शक्यता अधिक, हे त्याला आकड्यांनिशी दाखवा.

मिश्रण खेळाच्या स्वभावाला धरून नाही, असे त्याचे म्हणणे असेल, तर इतिहास तुमच्या बाजूने आहे. १९७४ च्या पहिल्या नियमांत फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते, आणि तेव्हाही एल्फ एका साहसात योद्धा, तर दुसऱ्यात जादूगार होऊ शकत असे. मात्र साहसाच्या मध्यावर बदलता येत नसे. १९७८ च्या नियमांत मानवेतर पात्रे दोन क्लास एकाच वेळी चालवत, पण अनुभवाचे गुण दोहोंत वाटले जात. मानवी पात्राला पहिला क्लास सोडूनच दुसरा धरावा लागे आणि नव्या क्लासात जुन्याहून वर जाईपर्यंत जुनी कौशल्ये वापरली, तर त्या साहसाचे गुण बुडत. लेव्हलगणिक क्लास निवडण्याची आजची मोकळीक २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. मिश्रण पहिल्यापासून होते आणि त्याची किंमतही पहिल्यापासून होती. ती किंमत मोजायला तुम्ही तयार आहात, हेच त्याला सांगायचे आहे.

तुमच्या गटाने मध्येच २०२४ चे नवे पुस्तक स्वीकारले, तर एक गोष्ट तपासा : त्यात सगळ्या शाखा तिसऱ्या लेव्हलला मिळतात, त्यामुळे पोर्टेंटसाठी विझर्डच्या तीन लेव्हल लागतील आणि वरचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

राहिला तुमचा विझर्ड मित्र, आणि त्याचा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. दहाव्या लेव्हलला तो पाचव्या पातळीचे मंत्र म्हणत असेल, तर तुम्ही पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या पातळीवर असाल. त्याची जागा तुम्ही घेऊ शकणार नाही. पण हे केवळ तर्काने पटवू नका, त्याला यात भागीदार करून घ्या. विझर्डला दुसऱ्याच्या स्पेलबुकातून मंत्र उतरवून घेता येतो आणि त्याला मंत्राच्या दर पातळीमागे दोन तास आणि सोन्याची ५० नाणी लागतात. गुरूच्या पुस्तकात त्याच्याकडे नसलेले मंत्र असतील, तर ते आधी त्याला उतरवू द्या, आणि तुमच्या पहिल्या सहा मंत्रांची यादी त्याच्यासोबत बसून ठरवा, म्हणजे तो जे रोज वापरतो ते तुम्ही घेणार नाही. त्याच्याकडे आधीच फॅमिलिअर असेल, तर तुमचा तो मंत्र बाजूला ठेवा आणि त्याच्या सोबत्याने तुम्हाला मदत करावी, अशी विनंती करा. पाचवी लेव्हल चालू असेल तेव्हाच्या सत्रांत प्रत्येक मुक्कामाला तुमचा फायटर त्याच्या विझर्डकडून अक्षरे शिकतो आहे, असे तुम्ही दोघांनी मिळून खेळावे. त्यामुळे सहाव्या लेव्हलला येणारी जादू टेबलावर कोणालाच अचानक वाटणार नाही. डंजन मास्टरला हा सगळा क्रम एका कागदावर लिहून पुढच्या रविवारच्या आधी द्या आणि गुरूच्या पुस्तकात नेमके कोणते मंत्र आहेत, हे त्यालाच ठरवू द्या.